विहिरीचा ताप

आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आयुष्यभर चिखलात राहिले. हे मी चेष्टेने म्हणत नाही, त्यांचं कामच ते. खोल विहीर खणताना भोकात वरून सतत पातळ चिखल सोडावा लागतो. तो खाली जाऊन यंत्राचं पातं थंड ठेवतो, दगडाचा चुरा वर आणतो आणि भोक ढासळू देत नाही. हा चिखल कालवायचा, तोलायचा आणि बिघडला की सुधारायचा, हे भाऊजींकडे. चिमूटभर दोन बोटांत चोळून ते सांगत, "आज घट्ट झालाय," आणि तपासलं की तसंच निघे. ताईने दारातच त्यांच्या बुटांसाठी पत्र्याचा ट्रे ठेवला होता. त्यापुढे बूट गेले की ती घर डोक्यावर घ्यायची.

माणूस भलताच संथ. चहासुद्धा गार झाल्यावर पितात. माझं नेमकं उलटं. माझं चष्म्याचं दुकान आहे आणि गिऱ्हाईक तक्त्यावरची अक्षरं वाचायला वेळ लावू लागलं, तर मीच वाचून मोकळा होतो. आम्ही दोघं एका टेबलाशी जेवायला बसलो की ताईच्या नाकी नऊ येतात.

तर आमच्या गावाने हॉस्पिटलमागच्या मोकळ्या जागेत तीन किलोमीटर खोल विहीर खणायला घेतली. पाण्यासाठी नव्हे, उष्णतेसाठी. तळाशी एकशे वीस अंशांच्या वर तापमान निघालं, तर गावापुरती वीज आणि हिवाळ्यात हॉस्पिटलला, शाळेला, पाचशे घरांना ऊब मिळणार होती. कमी निघालं, तर विहीर सिमेंटने बुजवायची, असं ठरलेलं होतं. भाऊजींचं निवृत्तीआधीचं हे शेवटचं काम, आणि स्वतःच्या गावातलं पहिलंच. एरवी ते विहीर खणून द्यायचे आणि पुढच्या मुक्कामी निघायचे. ही एक विहीर चालू झालेली त्यांना बघायची होती. ते स्वतः तसं कधी बोलले नाहीत. ताई मात्र रोज बोलायची.

चार महिन्यांनी तळ गाठला. दुसऱ्या दिवशी तारेला बांधून थर्मामीटर खाली सोडला. आकडा आला शहाण्णव. खणणाऱ्या कंपनीच्या माणसांनी लगेच सिमेंटची चौकशी सुरू केली.

विहिरीसाठी गावाने नेमलेल्या समितीची बैठक बसली. आम्ही सात जण, दुकानदारांतर्फे मी. भाऊजी उभे राहून म्हणाले, "अजून बारा दिवस थांबा. तिला हात लावू नका." का, ते समजावताना त्यांनी फळ्यावर असा काही आलेख काढला की अध्यक्षांनी मीच करून दिलेला चष्मा दोनदा पुसला. मग भाऊजींना बाहेर बसायला सांगितलं.

कंपनीचा साहेब म्हणाला, यंत्र दुसरीकडे न्यायचंय आणि आकडा तर समोर आहे. तेव्हा हॉस्पिटलच्या मेट्रनबाईंनी तोंड उघडलं. "पेशंटला बर्फ चोखायला दिला आणि लगेच तोंडात थर्मामीटर ठेवला, तर त्या नर्सला मी घरी पाठवीन. चार महिने तुम्ही विहिरीला गार चिखल पाजलाय. तिला जरा वेळ द्या की." भाऊजींना अर्ध्या तासात जमलं नाही ते बाईंनी एका दमात सांगितलं. हात वर झाले. थांबायच्या बाजूने चार, बुजवायच्या बाजूने तीन. त्या तिघांत एक मी होतो.

बाईंचं म्हणणं मला कळलं नव्हतं असं नाही. पण शहाण्णवचे एकशे वीस नुसतं बसून होतील, हे काही मनाला पटेना. बाहेर आलो, भाऊजींना मिठी मारली आणि म्हणालो, "जिंकलो आपण." इतका निर्लज्जपणा मी उभ्या जन्मात केला नव्हता.

पुढचे बारा दिवस भाऊजींना कामच नव्हतं. विहिरीचं तोंड बंद, चिखलाच्या टाक्या धुऊन पालथ्या. ते तिथल्या पत्र्याच्या खोलीत खुर्ची टाकून बसत. मला काही दुकानात चैन पडेना. रोज दुपारी शटर ओढून थर्मास घेऊन जायचो. ते चहा गार व्हायची वाट बघत, मी पाय हलवत.

"आता किती झालं असेल?" मी विचारायचो.

"वाढतंय."

वाढत नसलं तर, हे विचारायची माझी छाती नव्हती. आठव्या दिवशी त्यांनी कप खाली ठेवला. "नाहीच निघाली गरम, तर तुझ्या ताईला तू सांग. मला जमायचं नाही." मला इतकं वाईट वाटलं की सगळं ओठांवर आलं होतं. मी चहा ओतला.

बाराव्या दिवशी तार वर आली. साहेबाने आकडा वाचला, आणि पुन्हा एकदा वाचला. एकशे सत्तावीस. मेट्रनबाईंनी टाळ्या वाजवल्या. भाऊजी म्हणाले, "अजून चढेल चार-पाच," आणि डोळे पुसायला माझा रुमाल मागितला.

घरी चालत येताना मला राहवेना. "भाऊजी, मी तुमच्याशी खोटं बोललो. बैठकीत माझा हात बुजवायच्या बाजूने होता."

"माहीत आहे. त्या खोलीच्या दाराला काच आहे."

मी रस्त्यातच उभा राहिलो. "मग बारा दिवस बोलला का नाहीत?"

"बोललो असतो, तर तू यायचा थांबला असतास." ते चालतच होते. "आणि एकट्याला ते दिवस काढवले नसते रे."