आधी चाची खाणार

अळंबी चांगली आहेत की विषारी, हे शेजारची जैनबचाची तोंडाने कधी सांगत नसे. ती आधी स्वतः खायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या कुंपणाशी येऊन उभी राहायची. ती दिसली की मी चूल पेटवायचे.

रोह्याच्या बाहेर आमची वाडी आहे. मागच्या कोपऱ्यात फणसाच्या खोडाशी एक वारूळ आहे. गणपतीच्या आधी ऊन-पाऊस सुरू झाला की त्याच्याभोवती अळंबी उगवतात. माझं माहेर पेणचं, भरवस्तीतलं. बाजारात कातकरणी पानावर वाटे लावून बसतात, तेवढीच अळंबी मला ठाऊक. लग्न होऊन आले त्या वर्षी कुत्र्याच्या छत्र्या समजून मी ती खराट्याने झोडत होते, तर कुंपणापलीकडून आवाज आला, "थांब गो. अन्नाला खराटा मारतेस?"

न विचारताच ती आत आली. विळी लावायची नाही, वारूळ उकरायचं नाही, न उमललेले कळे तसेच ठेवायचे, असं सांगत तिने अळंबी हाताने उपटली. अर्धी माझ्या सुपात टाकली, अर्धी स्वतः नेली. जाताना म्हणाली, "आज मी खाते. सकाळी कुंपणाशी दिसले तर तू शिजव. नाय दिसले तर फेकून दे."

मला ती चेष्टा वाटली. पण पुढची चाळीस-पंचेचाळीस वर्षं हे असंच चाललं.

एकदा मी तिला म्हटलं, अळंबीत लसूण टाकून बघावा, काळा पडला तर विष, असं लोक म्हणतात. ती म्हणाली, "लसणाला काय पोट हाय?" आणखी एकदा विचारलं, दरवेळी तूच का आधी? तेव्हा म्हणाली, "तुझा पोर लहान हाय. माझे कुवेतला जायच्या वयाचे झाले." पुढे माझा मुलगाही मोठा झाला, पेणला मास्तर झाला, तिकडेच घर केलं. माझे यजमान गेले. मी म्हटलं, आता मी खाते आधी. ती म्हणाली, "तुला ओळखता येतात काय? मग गप बस."

मला ओळखता येत नव्हती. शिकायची गरजच पडली नाही.

तिचा नवरा कुवेतला होता, तिकडेच वारला. मग मुलगेही कुवेतला कामाला गेले. सहा खोल्यांचं घर, त्यात ती एका खोलीत राहायची. माझंही तेच. तरी आम्ही एकमेकींच्या घरी बसायला जात नसू. आम्ही मैत्रिणी आहोत का, असं कुणी विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं.

तीन वर्षांपूर्वी अळंबी काढली आणि दुसऱ्या दिवशी ती कुंपणाशी आली नाही. मी वाट बघितली. ऊन वर आलं. मग मी सूप उचललं, अळंबी खड्ड्यात टाकली, वर माती ओढली, हात साबणाने धुतले. हे सगळं झाल्यावर मला तिची आठवण झाली. लाज वाटते, पण क्रम असाच होता.

ती मोरीत पडलेली होती. पहाटे पाय घसरला होता. खुबा मोडला होता. मला बघून पहिलं बोलली ते हे, "अळंबी फेकलीस?" मी हो म्हटलं. "चांगली होती गो," ती म्हणाली. "पण बरं केलंस."

इस्पितळातून तिची मुलगी तिला मुंब्र्याला घेऊन गेली. घराला कुलूप लागलं.

गेल्या पावसाळ्यात माझा मुलगा आला होता, तेव्हा त्याच्या फोनवर मी तिला वारूळ दाखवलं. तिने एक अळंबं उलटं धरायला लावलं. खालून रंग कसा, देठ किती खोल गेलाय, सगळं विचारलं. मग म्हणाली, तीच दिसतात.

"शिजवू मग?"

"मी इथनं कसं सांगू? मी खाल्ली नाय."

मी म्हटलं, चाची, माझे आता किती दिवस राहिलेत, मेले तर मेले.

"तू मेलीस तर तिकडं मला कोण हाय?" ती म्हणाली. तिला परत यायचं होतं, हे मला तेव्हा कळलं.

मी शिजवली नाहीत.

थंडीत ती मुंब्र्यालाच गेली. मला कळलं तोवर मातीही झाली होती.

यंदा अळंबी दाट आली. मुलगा म्हणाला, पेणला डब्यातली मिळतात, ती आणतो. मी नको म्हटलं. तीन दिवस ती वारुळाभोवती उभी होती. चौथ्या दिवशी काळी पडून खाली बसली. मी आमटी-भात केला आणि जेवले.