सुधाताईंची माळ

पहिने गाव मागे पडलं तेव्हा सुधाताईंच्या डाव्या तळव्यात काटा रुतलेला होता आणि त्या तो काढू देत नव्हत्या. श्रावणातला तिसरा सोमवार, ब्रह्मगिरीची फेरी, अनवाणी पाय आणि वाटेवर घोट्याएवढा चिखल.

"ताई, दगडावर बसा. पिनेने काढते," मालिनी म्हणाली.

"राहू दे गं. बोचतंय तोवर तरी तोंडात नाम येईल."

येत नव्हतं. त्र्यंबकातल्या कुशावर्त कुंडावरून निघताना त्यांनी पावलागणिक एक नाम धरलं होतं. शे-दोनशे पावलांतच ओठ थांबले.

या बाईचे ओठ पूर्वी थांबत नसत. पंचवटीतल्या शाळेत मुलांच्या वह्या तपासताना, भाजी निवडताना, रामनाम चालूच. आईने दिलेल्या तुळशीच्या माळेवर रोज अकरा माळा झाल्याशिवाय चहाला आधण नाही. यजमान ढुंढिराज ओझरच्या विमान कारखान्यात फिटर. ते शेजारच्या मालिनीला सांगायचे, "मला एकच पाळी. हिचं यंत्र तिन्ही पाळ्या चालतं."

शहात्तर साली मालिनीनेच ताईंना ध्यानाच्या वर्गाला नेलं. शिकवणारे गृहस्थ म्हणाले, "जपणारा वेगळा आणि नाम वेगळं, तोवर ते द्वैतच. प्रयत्न सोडा. मंत्र आला तर येऊ द्या, गेला तर जाऊ द्या. मोजणं आधी बंद करा." मालिनीला ऐकून हलकं वाटलं आणि महिन्याभरात ती सगळं विसरली. सुधाताईंना अर्धवट काही जमत नसे. त्यांनी माळ रामकुंडावर नेली आणि गोदेत सोडली.

वर्षभर नाम खरंच आपसूक चाललं. मग विरत गेलं. ताई डोळे मिटून वाट बघत बसायच्या. शांत वाटायचं, एवढंच.

ऐंशी साली ढुंढिराज अंथरुणाला खिळले. शेवटच्या दिवशी म्हणाले, "सुधा, कानात म्हण." ताई वाकल्या, कानाशी तोंड नेलं आणि थांबल्या. चार वर्षांची सवय, नाम आपलं आपण उमटेल म्हणून थांबल्या. ते उमटेपर्यंत ढुंढिराज गेले होते. गंगेच्या पाण्याची गडवी हातात घेऊन मालिनी दारातच उभी होती. आपण म्हणावं, हे तिलाही सुचलं नाही.

आता फेरीत पुढे चालणाऱ्या, वाटेत ओळख झालेल्या घोटीकडच्या आक्काबाई वळून म्हणाल्या, "मास्तरीणबाई, कधीची बघतीय, तुमचा लय इचार चाललाय. नाम घ्यायला इचार कशाला लागतो?"

"आपण घ्यायचं, की ते आपोआप यायला हवं?" ताईंनी शाळेतल्यासारखंच विचारलं.

"आमचा बैल पाण्यावर एकटा जातो. कोनी ढकलत नाय. पन पयल्यांदा दावं धरूनच नेला व्हता."

"आणि वाट विसरला तर?"

"तर परत दावं बांधायचं. त्यात काय लाज हाय?"

आक्काबाई हसत पुढे गेल्या. मालिनीला वाटलं, ताईही हसतील. पण त्या वाटेतच उभ्या राहिल्या.

"माळ नवी आणू ताई," मालिनी घाईने म्हणाली. "आजच त्र्यंबकात घेऊ."

"तीन आणल्या. हातात घेतली की मी म्हणतेय हे मलाच ऐकू येतं. सोडली की काहीच येत नाही. त्या गृहस्थांचं खोटं असेल असंही नाही गं. मलाच धड ना ते राहिलं, ना हे."

वर्गाचा पत्ता मालिनीनेच आणला होता. तिने ताईंना दगडावर बसवलं आणि या वेळी न विचारता पाय मांडीवर घेतला. काटा खोल गेला होता. ताईंनी पाय ओढला नाही.

"मालिनी, माझ्या वेळी तू ये," त्या म्हणाल्या. "कानात नाम तू म्हण. मला येतंय का, याची वाट बघत बसू नकोस. ऐकू जातंय की नाही, तेही बघू नकोस. मोठ्यांदा म्हण, आणि मी गेले तरी लगेच थांबू नकोस. एवढं करशील?"