अप्पांचा उपास आणि माझा निबंध

आमचे अप्पा ज्ञानाला 'अरिवु' म्हणत, तो कन्नड शब्द. शेजारच्या शेतातले काका बौद्ध, ते 'बोधी' म्हणत. माणसाला खरा उजेड कशानं पडतो यावर दोघं बांधावर बसून तासन्‌तास भांडत, अर्धं मराठीत, अर्धं कन्नडमध्ये. निकाल कधी लागला नाही. मी तेव्हा गुलबर्ग्याला तत्त्वज्ञानात एम.ए. करत होते आणि मला दोघंही अडाणी वाटत. उथळ पाण्याला खळखळाट फार, दुसरं काय!

त्या सुटीत मी गावी, मंठाळला आले ती आत्मज्ञानावरचा निबंध पुरा करायला. तुरीची रास चालू होती. खळ्यावर काम करताना अप्पांच्या गळ्यातला दोरा तुटला आणि इष्टलिंग चांदीच्या डबीसकट भुसकटात कुठंतरी पडलं. आम्ही लिंगायत; आमच्यात लिंग तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय तोंडात घास घालत नाहीत. अप्पांनी ताट बाजूला सारलं. मी त्यांना समजावलं की लिंग हे नुसतं प्रतीक, खरं ज्ञान आत असतं, मठातून दुसरं आणता येईल. ते चाळणी घेऊन खळ्यावर गेले. मी जेवले आणि आतल्या खोलीत लिहायला बसले.

अप्पांबरोबर काकाही दोन दिवस भुसकट चाळत राहिले. देवाला हात न जोडणारा माणूस! दुसऱ्या दिवशी दिवस कलताना डबी काकांच्याच चाळणीत आली. त्यांच्या भुवयांवरही धुरळा बसला होता. मला राहवलं नाही.

"काका, तुम्ही तर हे मानत न्हाई. मग कामून एवढं?"

"लिंगाला न्हाई मानत, माय. तुज्या अप्पाच्या उपाशी पोटाला मानतो."

अप्पांनी आंघोळ केली, पूजा केली आणि आईला दोन ताटं शेजारी शेजारी वाढायला सांगितली. काका ज्या घाईनं भाकरी मोडत होते, त्यावरून मला कळलं, दोन दिवस तेही जेवले नव्हते.

आता दोघंही नाहीत. त्यांचं ते भांडण ऐकायला मिळावं म्हणून जीव तुटतो. मी कॉलेजात हाच विषय शिकवते, आणि फळ्यावर 'बोध' लिहिताना दर वर्षी हात थबकतो. माझ्या त्या निबंधाला वर्गात सर्वांत जास्त गुण मिळाले होते. तो लिहिताना माझं एकही जेवण चुकलं नव्हतं.