हापशाच्या बिअरमधला मासा

ही गोष्ट मी बरीच वर्षं कुणाला सांगितली नाही. बायकोलाही नाही. कुणी पबचा विषय काढला की मी हवामानावर घसरायचो, आणि ॲडलेडमध्ये हवामानावर बोलायला कधी कमी पडत नाही. आता सांगतो आहे, कारण गेल्या महिन्यात त्यातला मोठा काटा निघाला. रात्री झोप लागते. जेवण गोड लागतं. एक काटा राहिला आहे, तो इथे काढून ठेवायचा आहे.

पुण्यात पंपांच्या कारखान्यात माझी नोकरी होती. मधली काही वर्षं कंपनीने मला इंग्लंडला, लीड्सला ठेवलं होतं. तिथे मला एकच नाद लागला, पिंपातल्या बिअरचा. तिला कास्क एल म्हणतात. ही बिअर कारखान्यातून तयार होऊन येत नाही. पबच्या तळघरात लाकडी घोडीवर पिंप आडवं ठेवतात, ती त्यातच पिकते, आणि वर काउंटरवरच्या दांड्याने हाताने ओढून पेल्यात घेतात. गॅस नाही, बर्फ नाही. जमली तर अमृत आणि बिघडली तर व्हिनेगर. रोज वेगळी. पंप, पाणी आणि परीक्षा, तिन्ही माझ्या आवडीची. चव, वास, रंग, फेस यांवरून पिंपाची तब्येत सांगायला मी तिथे शिकलो.

निवृत्तीनंतर मुलाकडे ॲडलेडच्या मॉसन लेक्स या उपनगरात आलो. इथे बर्फासारखी गार बिअर पितात आणि पिंपातल्या बिअरला 'वॉर्म अँड फ्लॅट' म्हणून नाकं मुरडतात. तरी शहरात जुन्या इंग्रजी वळणाचे दोन-तीन पब हापशाची बिअर ठेवतात, हे मी शोधून काढलं. पण सोबत कुणाची? मुलाचे मित्र व्हिस्कीवाले. बायकोला वासही नको. एकट्याने बसून बिअरला मार्क देणं म्हणजे एकट्याने पत्ते खेळणं.

तेव्हा मॅनेजरसाहेब आले. मूळचे सांगलीचे, बँकेत मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले. बायको गेल्यावर लेक त्यांना इथे घेऊन आली होती, आमच्या पलीकडच्याच गल्लीत. दिवसभर पडदे लावून बसायचे. लेक माझ्या बायकोकडे येऊन रडली, "काकू, बाबा बोलतच नाहीत हो." मी त्यांना तळ्याभोवती चालायला नेऊ लागलो. एके दिवशी सहज विचारलं, "बिअर चालते का?"

"ऑफिसर्स क्लबमध्ये घ्यायचो अधूनमधून." मग थांबून म्हणाले, "मांसमच्छी, अंडं मात्र आजन्म नाही. दारू हे व्यसन आणि मांस हे पाप. दोन वेगळी खाती आहेत."

स्टेशनवरून ट्रेनने शहरात गेलो. दुपारची वेळ, सीनिअर कार्डावर फुकट प्रवास. इथे जुन्या पबांच्या दारावर 'हॉटेल' अशीच पाटी असते, ती बघून ते खूश झाले. आत गेल्यावर म्हणाले, "काय हो, पाटी हॉटेलची आणि चहाचा पत्ता नाही?" मग काउंटरमागच्या बाईंनी दांडा ओढला आणि त्यांचे डोळे चमकले.

"अहो, हा तर हापसा!"

पेला घेऊन ते खिडकीशी गेले. उजेडात धरला. बाहेरच्या झाडाची पानं त्यातून तांबूस, स्वच्छ दिसत होती. ते बराच वेळ बघत राहिले. मग माझ्याकडे वळून, अगदी सरळ, विचारलं, "यात कसली मांसमच्छी नाही ना हो?"

इथे थोडं थांबून सांगायला हवं. लीड्सच्या एका पबमालकाने मला तळघरात नेऊन दाखवलं होतं. पिंपातली बिअर मुळात गढूळ असते. गढूळ पाण्यात आपण तुरटी फिरवतो ना, तसा ते पिंपात एक पांढरट रस ओततात. गाळ तळाला बसतो आणि वर काचेसारखी बिअर राहते. तो रस माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून करतात. पेल्यात मासा येत नाही, गाळाबरोबर खाली बसतो. पण येतो कुठून, तर माशातून. जुनी, सर्रास चालणारी रीत. तिथे कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

हे मला ठाऊक होतं, आणि तो माणूस माझ्यासमोर पेला धरून उभा होता.

"छे हो," मी म्हणालो. "जव, पाणी आणि एका वेलीची फुलं. बस."

त्यांनी घोट घेतला. मिशीला फेस लागला. "माठातल्या ताकासारखं आहे," ते म्हणाले. "गार, पण दात शिवशिवत नाहीत." कितीतरी दिवसांनी एवढी लांब वाक्यं बोलले असतील.

त्यानंतर आमचा नेमच झाला. दर गुरुवारी दुपारी ट्रेन, एक पेला, मग परीक्षा. मी इंग्लंडमध्ये शिकलेले शब्द वापरायचो. ते सांगलीचे. एकदा बिअरला ओल्या पोत्याचा वास आला, तो त्यांनी माझ्याआधी पकडला. एकदा म्हणाले, "आज ही उतरलीय. दुसऱ्या दिवशीची आमटी, वरून फोडणी दिलेली." मी हसलो, पण खरंच, पिंप संपत आलं होतं. आम्ही दुपारी उशिरा जावं असं त्यांनीच ठरवलं. "पहिला हापसा गंजाचा असतो. नळीतलं शिळं आधी दुसऱ्या कुणाला पिऊ द्या." श्रावणात ते बिअर घेत नसत. इथे श्रावण ऐन थंडीत येतो. तेव्हा लिंबू सोडा घेऊन बसायचे, माझा पेला उजेडात धरायचे, वास घ्यायचे आणि म्हणायचे, "नैवेद्य दाखवून झाला, आता तुम्ही घ्या, परीक्षक."

मला ते परीक्षक म्हणत. काउंटरमागच्या बाई त्यांना 'मिस्टर विंडो' म्हणत, कारण खिडकीची परीक्षा कधी चुकली नाही. पलीकडची पानं स्पष्ट दिसली की पूर्ण मार्क. दर गुरुवारी ते तो पेला खिडकीशी न्यायचे, आणि दर गुरुवारी मी आपल्या पेल्यात बघायचो. तो स्वच्छपणा कशाने येतो हे मला ठाऊक होतं.

सांगायचं बऱ्याचदा ठरवलं. पण त्यांची लेक भेटली की म्हणायची, "काका, तुमच्यामुळे बाबा परत माणसात आले." पडदे उघडले होते. ते नातवाला पाढे शिकवत होते. आणि खरं तर, मलाही सोबत हवी होती. इतकंच होतं ते. त्याला दुसरं मोठं नाव देत नाही.

मग केकचा प्रसंग झाला. नातवाच्या वाढदिवसाला लेकीच्या मैत्रिणीने केक आणला. एगलेस आहे असं ती म्हणाली, पण तो नव्हता. लेकीला ते त्याच संध्याकाळी कळलं होतं. तिने वडिलांना सांगितलं नाही. आठवड्याने नातवाच्या तोंडून निघालं, "आजोबा, यू एट एग, मम्मी सेड डोंट टेल."

त्या गुरुवारी पबमध्ये त्यांनी पेला खिडकीशी नेला नाही. मी म्हणालो, "जाऊ द्या, मॅनेजरसाहेब. नकळत झालं."

"नकळत खाल्लं त्याचं काही नाही हो," ते म्हणाले. "देवाला कळतं नकळत काय ते. एक दिवस उपास केला की झालं. पण तिने लपवलं. आठवडाभर माझ्यासमोर चहा ठेवत होती आणि लपवत होती. खाल्ल्याचं प्रायश्चित्त मी घेईन. लपवल्याचं कुणी घ्यायचं?"

मी उठून आणखी दोन पेले आणले, जे आम्ही कधी आणत नव्हतो. त्यांनी दुसरा उजेडात धरला. "आज झकास आहे," म्हणाले. मी माझा पेला न पिता बाजूला सरकवला.

लेकीशी त्यांचं दोन दिवसांत जुळलं. तिने माफी मागितली, त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. हे त्यांनीच मला सांगितलं, आनंदाने. म्हणजे वाट किती सोपी होती ते माझ्या डोळ्यांसमोर होतं. तरी मी त्या वाटेने गेलो नाही.

पुढे त्यांचे गुडघे दुखू लागले, आणि सांगलीत धाकटा भाऊ एकटा होता. ते परत निघाले. एअरपोर्टवर सोडायला मीही गेलो. ठरवूनच गेलो होतो. चेक-इनच्या रांगेत म्हणालो, "मॅनेजरसाहेब, एक सांगायचं राहिलं."

"बिअरचं असेल तर फोनवर सांगा," ते म्हणाले. "इथे लोक समजतील दोन म्हातारे पिऊन आलेत." लेक हसली. मीही हसलो. मग त्यांची बॅग जड भरली, सगळे ती उघडून लोणच्याच्या बरण्या इकडच्या तिकडे करू लागले, आणि वेळ गेली.

फोन बरेच केले. ते विचारायचे, "हापसा कसा आहे?" मी सांगायचो, बरा आहे. खरं तर मी जाणं सोडलं होतं. मागच्या वर्षी ते गेले. झोपेत. लेकीने सांगितलं तेव्हा मी तिच्या घरी जाऊन बसलो, चहा घेतला, आणि मनात एकच होतं, की मी एका धर्मभोळ्या नव्हे, धर्माच्या पक्क्या माणसाला वर्षानुवर्षं मासा पाजला, आणि आता प्रायश्चित्त घ्यायला तोही नाही.

माझी नात युनिव्हर्सिटीत शिकते. यंदा ती व्हीगन झाली. दूध बंद, तूप बंद, मध बंद. आजी हैराण आहे. गेल्या महिन्यात तिच्या लक्षात आलं की आजोबा कुठे जात नाहीत. "आजोबा, तुमचा तो ओल्ड पब? लेट्स गो धिस आर्वो, आज दुपारीच. मी चालवते." मी नको नको म्हणत होतो. तिने गाडी काढलीसुद्धा.

त्याच बाई काउंटरमागे होत्या, केस आता पांढरे. मला बघून म्हणाल्या, "वेअर्स मिस्टर विंडो?" मी सांगितलं. त्यांनी हातातलं फडकं खाली ठेवलं आणि थोडा वेळ माझा हात धरून ठेवला. मग दांड्याला हात घातला.

आणि माझी नात, जी गोष्ट मला इतकी वर्षं विचारता आली नाही ती, मेनूकार्ड उलटत विचारून मोकळी झाली. "इज द कास्क व्हीगन? आय नो दे यूज फिश."

मी काउंटरचा काठ धरला.

"नॉट हिअर, डार्ल," बाई म्हणाल्या. "नेव्हर हॅव."

मग त्या सहज सांगत गेल्या. शहरातल्या सगळ्या हापशांना पिंपं एकाच माणसाकडून येतात, वर डोंगरातल्या छोट्या ब्रूअरीतून. त्याची बायको शाकाहारी. त्याने पहिल्या पिंपापासून मासा वापरलाच नाही. उकळताना समुद्राचं शेवाळ टाकतो, आणि मग पिंपं बाकीच्यांपेक्षा जास्त दिवस थंडीत ठेवतो. गाळ आपोआप बसतो. "ही जस्ट वेट्स," त्या म्हणाल्या. नुसता थांबतो तो.

मी दोनदा विचारलं. सगळ्याच पबांत? सगळ्याच. आधीपासून? आधीपासून.

"आजोबा, आर यू क्राइंग?" नात म्हणाली. "इट्स ओके, मेट. इट्स जस्ट फिश."

"नाही गं," मी म्हणालो. "मासा नाहीच आहे. तेच तर."

मला हसू आलं आणि थांबेना. ती घाबरून पाणी आणायला गेली. अंगावरून भिजलेलं घोंगडं कुणी उचलावं तसं वाटत होतं. मॅनेजरसाहेबांचं व्रत अखेरपर्यंत अभंग होतं. एक घोटही त्यांच्या नियमाबाहेरचा नव्हता. माझ्या हातून ते मोडलं नव्हतं.

मी पेला घेऊन खिडकीशी गेलो. तेच झाड, जरा वाढलेलं. पानं स्वच्छ दिसत होती. पूर्ण मार्क. घोट घेतला. ताकासारखी गार, मागे किंचित कडू. बऱ्याच दिवसांनी मला चव कळली.

तो घोट संपायच्या आत दुसरी गोष्टही कळली. पेल्यात मासा नव्हता, हा त्या डोंगरातल्या माणसाचा चांगुलपणा. माझा नव्हे. मी तर मासा आहे असं समजूनच 'नाही' म्हटलं होतं, आणि नंतर दर गुरुवारी समोर बसून लपवत होतो. एअरपोर्टवर बॅग उघडी होती तेव्हा हे सांगायला हवं होतं. तिथे नाही जमलं. त्या दिवशी खिडकीशी, नात पाणी घेऊन येण्याआधी, मनातल्या मनात म्हणालो ते इथे लिहून ठेवतो.

मॅनेजरसाहेब, तुम्ही मला सरळ विचारलंत. मला जे ठाऊक होतं ते मी तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्ही पेला खाली ठेवून निघून जाल अशी मला भीती वाटली. तुमचं काही बिघडलं नाही, उपासाची गरज नाही. लपवलं ते मी. माझं चुकलं. मला माफ करा.