शंभराचे एकशे एक

तापलेली वस्तू निवताना आकसते, हे शाळेत शिकवले जाते आणि परीक्षेनंतर विसरलेही जाते. परंतु निवताना ती किती आकसेल हे आधीच जाणून, तेवढे पहिल्यापासूनच अधिक देऊन ठेवणे, ही बुद्धी फार थोड्यांच्या अंगवळणी पडते. संस्कृताने या आकसण्याला ‘संकोच’ असे नाव दिले. मराठीने तोच शब्द उचलून माणसाच्या स्वभावाला लावला. ओतलेले लोखंड थंड होताना करते तो संकोच, आणि ओठांपर्यंत आलेले वाक्य घशात माघारी वळते तोही संकोचच. ओतकामातल्या जुन्या कारागिरांनी पहिल्यावर उपाय शोधला होता. त्याला ते ‘वाढावा’ म्हणत. दुसऱ्यावर उपाय कुणी लिहून ठेवलेला नाही. मिस्त्रींना तो उतारवयात, न शोधता, एका चुकीच्या रूपाने सापडला.

मिस्त्री फाउंड्रीत लाकडी नमुने घडवीत. पंपाचे पाते असो वा दातेरी चाक, ते आधी लाकडात कोरायचे, लाकूड वाळूत दाबायचे, आणि उरलेल्या पोकळीत लोखंडाचा रस ओतायचा. रस निवला की तो शंभरात एकाने आकसे. म्हणून नमुना शंभराला एकशे एक असा करावा लागे. दर वेळी हिशेब कोण करीत बसणार? त्यासाठी नमुनेकारांची पट्टीच वेगळी असे. तिच्यावर शंभर लिहिलेले असे, प्रत्यक्षात ती एकशे एक भरे. मिस्त्रींची पट्टी पितळेची होती. उमेदवारी संपली त्या दिवशी त्यांच्या गुरूंनी ती त्यांच्या खिशात घातली आणि म्हटले, “आता हिलाच विचारत जा, मला नको.” चाळीस वर्षे त्यांनी तिलाच विचारले. तिच्या टोकाशी ‘वाढावा’ हा शब्द कोरलेला होता. अंगठ्याच्या घर्षणाने तो कधीच पुसला गेला. शब्द गेला आणि मागोमाग, अगदी नकळत, त्याची आठवणही गेली.

घरातली कपाटे, मेज, खिडकीची चौकट, सारे त्यांनी याच पट्टीने मोजून केले होते. एकाच पट्टीने मोजलेली दोन लाकडे एकमेकांशी भांडत नाहीत, त्यामुळे घरच्या घरी सगळे बिनबोभाट जुळत गेले. एकदाच काय ते, खिडकीला बाजारातून आणलेली काच तोकडी पडली. एरवी चकार शब्द न काढणारे मिस्त्री त्या काचवाल्यावर असे बरसले की तो बिचारा पुढे गल्ली बदलून जाऊ लागला.

एरवी ते अबोलच. त्यांची पत्नी शाळेत वनस्पतिशास्त्र शिकवी. सारे तिला बाई म्हणत, आणि मिस्त्रीही चारचौघांत तेच म्हणत. एकांतात काय म्हणत, तर बहुधा काहीच नाही. लग्नाला अडतीस वर्षे झाली तरी मनातले गोड असे काही बोलायची वेळ आली की त्यांना एकाएकी पटाशीला धार लावायचे आठवे. बाईंनी याचे कधी वाईट वाटून घेतले नाही. त्या धार लावल्याचा आवाज ऐकत आणि काय ते समजून घेत.

बाईंची एक वही होती. तारुण्यापासून त्यांनी जमवलेली त्रेसष्ट पाने तिच्यात चिकटवलेली होती: लिंबू, तुती, द्राक्षवेल, अंजीर. प्रत्येक पानाशेजारी त्याचे शिरांसकट रेखाचित्र आणि खाली बारीक अक्षरांत लांबी-रुंदी. दुपारी त्या ती वही उघडून बसत तेव्हा कुणी पोथी वाचावी तसे त्यांचे बोट शिरांवरून फिरे.

मिस्त्री निवृत्त झाले त्याच वर्षी बाई एके दिवशी दवाखान्यातून परतल्या आणि चपला काढता काढताच म्हणाल्या, “डॉक्टर म्हणाले, नजरेतलं मधलं जाईल, कडा राहतील.”

“म्हणजे?”

“म्हणजे तुमच्याकडे पाहायचं झालं की मला भिंतीकडे पाहावं लागेल.” आणि त्या हसल्या.

मिस्त्री हसले नाहीत. “किती दिवस?”

“वर्षभर. फार तर दीड.” मग पदराशी चाळा करीत त्या म्हणाल्या, “अहो, माझं बाकीचं चालेल. स्वयंपाक हाताला ठाऊक आहे. पण ही पानं? कागदावरची रेघ बोटाला कळत नाही. आणि सुकलेल्या पानाला रोज हात लावला तर महिन्याभरात चुरा होईल. ही लाकडात उठावाची करता येतील का? आत्ताच हवीत हं. डोळे आहेत तोवर डोळ्यांनी बोटांना शिकवायला हवं, हे बघ, हे तुतीचं. नंतर शिकवणार कोण?”

मिस्त्री दुसऱ्याच दिवशी मागच्या खोलीत बसले. पिवळसर, बारीक कणांच्या लाकडाची एक फळी घेतली, लिंबाचे पान आखले आणि गोल पटाशी टेकवली. पहिली शीर अर्ध्यावर आली असेल, तोच त्यांचा उजवा हात थरथरला आणि पटाशी पान आडवे चिरत गेली. हा कंप वर्षभर होताच. चहाच्या कपाला तो ठाऊक होता, बाईंना मात्र नव्हता. तिसरी फळी चिरली तेव्हा त्यांनी तिन्ही फळ्या भुशाच्या पोत्यात खोल खुपसल्या आणि डोळे मिटून तिथेच बसून राहिले. काचेतून उतरलेल्या तिरप्या उन्हात भुशाचे कण तरंगत होते, वर जात होते की खाली येत होते हे कळू नये इतके संथ. त्या ग्लानीत त्यांना एक हात दिसला. तो छतातून अलगद उतरला, फळीवर टेकला, आणि मुळीच थरथरला नाही. त्याला मनगट नव्हते, बोटेही नव्हती.

जागे झाल्यावर त्यांना आठवले, असा हात त्यांनी पाहिलेला आहे. बाजारात पाट्या कोरणाऱ्याच्या दुकानात काचेआड एक यंत्र होते. संगणकाने सांगितलेल्या रेषेवरून त्याचे फिरते पाते आपोआप चाले आणि लाकडात अक्षरे उमटत. सीएनसी राउटर त्याचे नाव. ते विकत घेणे घराच्या ऐपतीबाहेरचे होते. पण लाकूड, सळया आणि स्क्रूसारखे आटे पाडलेले दांडे यांना मिस्त्री जन्मभर ओळखत होते. विजेचा भाग तेवढा परका, आणि त्यासाठी शेजारी रेडिओ होते. रेडिओ म्हणजे रेडिओ दुरुस्त करणारे गृहस्थ. रेडिओ दुरुस्तीला येईनासे झाले तरी नाव चिकटून राहिले होते, आणि ते वाजतही तसेच अखंड.

“मिस्त्री, तुमचा हात हलतो आणि माझी जीभ,” सारे ऐकून रेडिओ म्हणाले. “दोघं मिळून एक धड माणूस होईल. करू या. पण वहिनींना काय सांगायचं?”

“काही नाही.”

“ते तर तुम्ही रोजच सांगता. मी विचारतोय, आवाज आला तर काय सांगायचं?”

आठ महिने ते यंत्र आकाराला येत होते. जाड प्लायवुडचा पलंगासारखा पाया, त्यावर पुढेमागे सरकणारी कमान, कमानीवर डावीउजवीकडे धावणारी गाडी, आणि गाडीला लटकलेली, वरखाली होणारी कटरची मोटार. दांडा बसवताना मिस्त्री डाव्या हाताने उजव्याचे मनगट धरून ठेवीत. स्क्रू आवळायचे काम रेडिओ करीत आणि सोबत गाणे म्हणत. कमान प्रथम तिरकी बसली. ती उतरवून पुन्हा बसवण्यात तीन आठवडे गेले. एकदा मोटारीच्या तारा उलट जोडल्यामुळे गाडी हुकुमाच्या विरुद्ध दिशेला धावली. “अगदी माझ्या धाकट्यासारखी!” रेडिओ म्हणाले. बाई दाराशी येऊन उभ्या राहत. त्या विचारीत काहीच नसत. त्यांनी मान किंचित वळवून, कडेने पाहायला सुरुवात केली होती. ते मिस्त्रींना दिसे, आणि त्या दिवशी ते जेवणाची हाक तीनदा आल्यावर उठत.

अखेर माप जुळवण्याचा दिवस आला. कटरच्या जागी पेन्सिल बांधून रेडिओंनी यंत्राला हुकूम दिला, शंभर मिलिमीटर चाल. पेन्सिल कागदावरून संथपणे सरकली आणि थांबली. मिस्त्रींनी पितळी पट्टी टेकवली. नव्व्याण्णव.

“एक कमी आहे,” ते म्हणाले.

“शक्य नाही. मोटारीचा एक फेरा दोनशे पावलांचा, एका फेऱ्यात दांडा पाच मिलिमीटर पुढे. गणितात चूक असती तर चांगली दणदणीत निघाली असती. एवढीशी, लाजरी चूक गणित करत नाही.”

“मग दांड्यात खोट असेल.”

“आणि पट्टीत?”

मिस्त्रींनी त्यांच्याकडे असे पाहिले की रेडिओंचा आवाज आपोआप खाली आला. त्यांच्या स्वतःच्या पेटीत विजेचा दाब मोजायचे मीटर तेवढे होते. लांबीच्या बाबतीत ते मिस्त्रींच्या शब्दाबाहेर नव्हते. “बरं बाबा,” ते म्हणाले, “यंत्राला खोटं पाडतो.” त्यांनी संगणकात आकडा बदलला. पेन्सिल पुन्हा चालली. आता पट्टीवर बरोब्बर शंभर भरले आणि मिस्त्रींनी समाधानाने मान डोलावली.

रेडिओंनी वहीच्या पानांची छायाचित्रे घेतली आणि बाईंनी लिहिलेल्या मापांबरहुकूम ती संगणकात उतरवली. पहिले पान लिंबाचे निघाले. कटर लाकडात उतरले, मधमाश्यांचे पोळे दूर कुठे गुणगुणावे तसा नाद खोलीभर पसरला आणि फळीतून एकेक शीर वर येऊ लागली. मिस्त्रींनी बाईंना हाताला धरून आणून बसवले होते. दुपार सरली तेव्हा बाईंच्या मांडीवर एक लाकडी पान होते, आणि त्या त्याच्याकडे कडेने पाहत, बोट फिरवत, पुटपुटत होत्या, “हे बघ. हे लिंबाचं.” त्यांनी बोटाला सांगितले.

रोज दुपारी यंत्र चाले. अकरा पाने झाली. बारावे अंजिराचे, वहीतले सर्वांत मोठे. ते हाती येताच बाईंनी वहीतले सुकलेले पान हलकेच सोडवून त्यावर ठेवले आणि कडेवरून बोट फिरवले. बोट एका ठिकाणी अडले. पुन्हा फिरवले.

“अहो, हे मोठं आहे.”

“शक्य नाही.”

“लाकूड सगळीकडून बाहेर डोकावतंय. वहीत एकशे ऐंशी लिहिलंय ना? माझी शाळेची पट्टी आणा बरं.”

मिस्त्रींनी ती पोलादी पट्टी आणली आणि आपल्या पितळी पट्टीच्या शेजारी ठेवली. पितळेचे नव्व्याण्णव ज्या रेघेशी येत होते, तिथे पोलादाचे शंभर होते. ते कितीतरी वेळ वाकून पाहत राहिले. आणि मग, पुसल्या गेलेल्या त्या जागेवर त्यांचा अंगठा आपसूक गेला. वाढावा! चाळीस वर्षे ज्या शब्दावर पोट भरले, तो शब्दच ते विसरले होते. यंत्र खरे बोलत होते. त्यांनीच त्याला खोटे बोलायला लावले होते.

ते खाली बसले. “लोखंड आकसतं म्हणून ही पट्टी,” ते पुटपुटले. “लाकडी पान कशाला आकसेल? सगळीच चुकली. लहान पानांत कळलं नाही एवढंच. बारा दुपारी गेल्या तुझ्या. आता आकडा बदलून पुन्हा पहिल्यापासून...” डॉक्टरांनी दिलेल्या वर्षातून आता किती उरले आहे, हे दोघांनाही ठाऊक होते. मग ते अगदी हळू म्हणाले, “आणि त्या काचवाल्याचीही माफी मागायला हवी.”

बाई खळखळून हसल्या. मग त्यांनी सुकलेले अंजिराचे पान उचलून त्यांच्या थरथरत्या तळहातावर ठेवले.

“हे मी वहीत चिकटवलं ते आधी महिनाभर दाबून, सुकवून. माप घेतलं ते सुकल्यावर. झाडावर होतं तेव्हा हे मोठं होतं. पान सुकताना आकसतं, हे वर्गात जन्मभर मीच शिकवलं, आणि लिहून ठेवलं ते आकसलेल्याचं माप.” त्यांनी लाकडी पान छातीशी धरले. “तुमच्या यंत्रानं ओलं पान काढलंय.”

“शंभरात एकच वाढतं त्याच्यात,” प्रामाणिकपणे मिस्त्री म्हणाले. “तुझं पान किती आकसतं?”

“पुष्कळ जास्त.”

“मग?”

“मग उरलेलं मी समजून घेईन. त्याची सवय आहे मला. यंत्राला हात लावू नका.”

मिस्त्रींच्या मनात काहीतरी बोलायचे आले. नेहमीप्रमाणे त्यांची नजर पटाश्यांकडे गेली. पण पटाशीला धार लावणे तर कधीच बंद झाले होते. ते बसून राहिले, आणि बसल्या बसल्या म्हणाले, “तू भिंतीकडे पाहशील ना, तेव्हा मी भिंतीपाशीच उभा राहत जाईन.”

बाईंनी मान वळवली आणि भिंतीकडे पाहिले. “थोडे डावीकडे सरका,” त्या म्हणाल्या.

त्रेसष्टावे पान संपले तेव्हा बाईंना ते अजून धुक्यातल्यासारखे दिसत होते. पुढच्या दोन महिन्यांत तेवढे दिसणेही गेले. मिस्त्री त्यानंतर सहा वर्षे जगले.

आता मागच्या खोलीच्या भिंतीवर त्रेसष्ट लाकडी पाने आहेत. हात पोहोचतील अशा उंचीवर, ओळीने लावलेली. पितळी पट्टी त्यांच्याच शेजारी खिळ्याला टांगलेली आहे. यंत्र चालू आहे, रेडिओ ते चालवतात. त्याला शंभर सांगितले की ते एकशे एक जाते, आणि तो आकडा बाईंनी अजून कुणाला बदलू दिलेला नाही.