अन्नशुद्धीचं तूप

परवा फोनवर थोरल्याने विचारलं, “आजी, इथले डॉक्टर विचारतात, घरात कुणाला आतड्याचा आजार होता का?” मी म्हटलं, तुझ्या आजोबांना होता. तो म्हणाला, “काय होता नेमका?” आणि मला फोनवर ते धड सांगता येईना. अर्धवट सांगितलेलं मला आवडत नाही, म्हणून बसून क्रमाने लिहिते आहे. तुम्ही दोघांनीही वाचा, कारण पोट दोघांनाही तिकडूनच आलं आहे.

मी लग्न होऊन बेंगळूरच्या चामराजपेटेतल्या घरात आले, तेव्हा तुमचे आजोबा सरकारी कचेरीत होते आणि चांगले धडधाकट होते. घरात त्यांची आई होती. त्यांना आम्ही सगळे अक्का म्हणत असू. घराणं तीनशे वर्षं इकडचं. बोलणं मराठीच, पण त्यात निम्मं कन्नड. मी बी.ए. होते, मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायची. अक्कांना त्याचं फार कौतुक नव्हतं आणि रागही नव्हता. त्यांचं राज्य स्वयंपाकघरात. त्या सोवळ्यात स्वयंपाक करायच्या, वाढायच्याही त्याच. मी शाळेत जाणारी, दहा जणांना शिवून येणारी, म्हणून मला चुलीपाशी मज्जाव होता. मला त्याचं दुःख नव्हतं.

तुमच्या बाबांच्या जन्मानंतर आजोबांचं पोट बिघडलं. आधी सगळ्यांनी आव म्हटलं. त्या काळी बेंगळूरात निम्म्या लोकांना आव असायचीच. दंडातल्या, म्हणजे लष्करी छावणीतल्या, एका डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, त्याने हृदय धडधडायला लागलं आणि पोट तसंच राहिलं. वैद्यांनी कुड्याची साल उकळून दिली. महिना बरा जायचा, मग पुन्हा सुरू. मग रक्त पडायला लागलं.

संडास परसाच्या टोकाला, विहिरीच्या पलीकडे. ते पहाटे जायचे, आत येऊन टेकतात न टेकतात तोच पुन्हा उठायचे. शेवटी विहिरीशेजारीच एक स्टूल टाकलं, त्यावर शाल पांघरून बसून राहायचे. कचेरीत साहेबांसमोर उभे असताना एकदा उठून पळावं लागलं, आणि पोहोचले नाहीत. त्या दिवशी ते टांग्यातून घरी आले, माझ्याशी बोलले नाहीत, विहिरीवर स्वतःच धोतर धुतलं. मी बादली घ्यायला गेले तर म्हणाले, “हात लावू नकोस.” एवढा बारीक आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

मग एका मोठ्या इस्पितळात विलायतेहून परत आलेले एक डॉक्टर मिळाले. त्यांनी लोखंडी नळी घालून आतून पाहिलं आणि मला सांगितलं की आव नाही. मोठ्या आतड्याला आतून व्रण पडलेत, ते का पडतात हे जगात कुणालाच नीट ठाऊक नाही. मी चिडून म्हटलं, “मग तुम्ही विलायतेला जाऊन काय शिकलात?” ते हसले नाहीत. म्हणाले, “एवढंच शिकलो, मॅडम. की ठाऊक नाही म्हणायचं.”

त्यांनी पिवळ्या गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी काही महिने बरे गेले. मग त्या चालेनाशा झाल्या. कॉर्टिझोन दिलं. तोंड सुजून गोल झालं, अक्का म्हणाल्या, “पोरगा भरला हो!” आणि औषध कमी केलं की पुन्हा तेच.

तेव्हा ते डॉक्टर एका प्रश्नाच्या मागे होते. या आजाराच्या काही लोकांना दूध बाधत असेल का? त्यांच्याकडे असे बरेच रोगी होते. त्यांनी चिठ्ठ्या टाकून दोन गट केले होते. औषध दोघांना तेच. पण एका गटाने दूध नेहमीसारखं घ्यायचं, दुसऱ्याने दूध आणि दुधाचं काहीही तोंडात घालायचं नाही. मग पाहायचं, कुणाचे व्रण लवकर भरतात. आजोबांची चिठ्ठी बिनदुधाची निघाली. मला इतका आनंद झाला की मी देवळात नारळ फोडला. आता लिहिताना विचित्र वाटतं. पण इतकी वर्षं नुसतं बघत बसल्यावर कुणीतरी मला काहीतरी करायला दिलं होतं.

घरी येऊन मी अक्कांना समोर बसवून सांगितलं. “दूध नाही, दही नाही, ताक नाही, लोणी नाही, तूपही नाही. खवा, पेढे, बासुंदी काही नाही. प्रसादाचं पंचामृतसुद्धा नाही.”

“पंचामृत पण?”

“हो.”

“देवाचं बाधतं का कुणाला?”

“तेच तर बघायचंय, अक्का.”

 अक्का “सरी,” म्हणजे बरं, म्हणाल्या आणि उठल्या. अक्कांनी एकदा सरी म्हटलं की ते पक्कं. गवळी रोज दारात गाय आणून दूध काढायचा, ते त्यांनी निम्मं केलं. फोडणी तेलाची सुरू झाली. ताकाच्या जागी चिंचेचं सार. लेकासाठी पुरणाचे ओबट्टू केले तेसुद्धा तेलावर भाजले, आणि पहिला घास त्याने घेईपर्यंत पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या. मी मनात म्हटलं, एखादी नर्ससुद्धा एवढं करणार नाही.

दर आठवड्याला मी आजोबांना घेऊन इस्पितळात जायची. डॉक्टर विचारायचे, या आठवड्यात दुधाचं काही गेलं का पोटात? मी म्हणायची, नाही. आजोबाही म्हणायचे, नाही. डॉक्टर लिहून घ्यायचे, नळी घालायचे, आणि नळी काढताना त्यांचा चेहरा मी वाचायला शिकले होते. सुरुवातीला जरा बरं होतं. मग बिघडलं, मग फारच बिघडलं. ताप यायला लागला. पायांच्या काड्या झाल्या. आजोबा विनोद करायचे, “मी आता इतका हलका झालोय की कब्बन पार्कात वारा सुटला तर मला धरून ठेव.” मला हसवायला म्हणायचे, आणि मी हसायची, आणि मग मोरीत जाऊन नळ सोडून रडायची.

शेवटी डॉक्टर म्हणाले, आता वाट पाहण्यात धोका आहे. मोठं आतडं फुटू शकतं. ते पूर्ण काढायचं, लहान आतड्याचं टोक पोटावर बाहेर आणायचं, तिथे जन्मभर रबराची पिशवी लावायची. सर्जनशी बोलणं झालं होतं. पुढच्या आठवड्यात.

तो रविवार आला. मला शाळा नव्हती, म्हणून आजोबा जेवायला बसले तेव्हा मी सोप्यात दारापाशी बसले होते. एरवी ते सकाळी अकराला जेवायचे तेव्हा मी वर्गात असायची, रात्री आत पोराला निजवत असायची, आणि इतर रविवारी धुण्यात. अक्कांनी पान मांडलं, भात वाढला, त्यावर वरण. मग कोनाड्यातली छोटी चांदीची वाटी घेतली, पळीच्या टोकाने भातावर एक थेंब सोडला, आणि वाटी जागेवर ठेवली. आजोबांनी चित्राहुती घातल्या आणि जेवायला लागले.

“अक्का, ते काय घातलंत?”

“काय घातलं?”

“आत्ता. भातावर.”

“शुद्धी.”

“तूप?”

अक्कांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी भाताला भात म्हणतात का असं विचारलं होतं. “तूप कुठे वाढलं? तूप बंद केलंय ना मी? ती अन्नशुद्धी. तिच्याशिवाय पानावरचं अन्न होतं का? ते प्रेतापुढचं होतं.”

“रोज?”

“रोज म्हणजे? दोन्ही वेळा. आणखी कसं जेवेल तो?”

आजोबांचा हात पानावर थांबला होता. त्यांनीही ते रोज पाहिलं होतं आणि कधी पाहिलंच नव्हतं. जन्मल्यापासून प्रत्येक पानावर पडलेला थेंब. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा त्यांनी नाही म्हटलं ते खरंच होतं, कारण तूप खाल्ल्याचं त्यांना आठवतच नव्हतं. ते हसायला लागले. “अक्का, स्वल्प शुद्धी त्या डॉक्टरांच्या वहीवरही शिंपडून ये.” आणि हसता हसता पोट धरून उठले आणि विहिरीकडे गेले.

अक्कांना तेव्हा कळलं. भिंतीला टेकून त्या खाली बसल्या. सोवळ्याचं लुगडं माझ्या पायाला लागलं तरी त्यांनी ते ओढून घेतलं नाही. “माझ्यामुळे कापणार का गं त्याला?”

 सोमवारी शाळेत न जाता दोघींनी रिक्षा केली. मला डॉक्टरांकडून एकच गोष्ट हवी होती. शस्त्रक्रिया थांबवा, एक महिना द्या, एक थेंबही पडू देणार नाही, मी स्वतः चुलीपाशी बसते. वाटेत मी ते इंग्रजीत मनात जुळवत होते, शाळेत निबंध जुळवून देतात तसं.

डॉक्टरांनी सगळं ऐकलं. मधे एकदा त्यांच्या तोंडाचा एक कोपरा हलला, पण त्यांनी सावरलं. म्हणाले, “दुधाचं काही म्हणताना माझ्या प्रश्नात तूपही होतंच. मला वाटलं होतं मी सगळं विचारलं.” मग त्यांनी सांगितलं की आजोबांना आता बिनदुधाच्या गटात धरता येणार नाही. ते त्या अभ्यासातून बाद.

“अभ्यासाचं राहू द्या,” मी म्हटलं. “महिना द्या.”

“आतडं महिना देणार नाही.”

“पण त्या थेंबामुळेच असेल तर?”

“तुपात दुधाचं फारच थोडं उरतं. मला नाही वाटत त्याने काही झालं.”

“वाटत नाही, की नाही झालं?”

 अक्कांना इंग्रजी येत नव्हतं, पण त्यांना कळलं होतं कशाबद्दल चाललंय. त्यांनी हात जोडले आणि कन्नडमध्ये सरळ विचारलं, माझ्यामुळे झालं का? मी डॉक्टरांकडे पाहिलं. मी डोळ्यांनी विनवत होते, नाही म्हणा. एक शब्द. या बाईला आणखी किती वर्षं जगायचंय, म्हणा ना नाही.

ते म्हणाले, “गोत्तिल्ल, अम्मा.”

ठाऊक नाही. मला त्या क्षणी तो माणूस दगडाचा वाटला. बाहेर व्हरांड्यात मी त्यांना गाठलं. “एका म्हाताऱ्या बाईशी खोटं बोलला असतात तर तुमचं काय गेलं असतं?” त्यांचा आवाज चढला नाही. “मी न कळता नाही म्हणायला लागलो तर पुढच्या रोग्याला कशाच्या जोरावर हो म्हणू? तुमच्या आधीच्या सगळ्या डॉक्टरांना ठाऊकच होतं, मॅडम. आव आहे म्हणून.” आणि ते वॉर्डात निघून गेले.

घरी येऊन मी आजोबांना सांगितलं. महिना मिळत नाही. पण तुम्ही नको म्हणालात तर मी दुसरीकडे नेते, मद्रासला नेते. ते स्टुलावर बसले होते. म्हणाले, “हे बघ. मी तिखट सोडलं, फळं सोडली, दूध सोडलं. आता तू म्हणतेस थेंब सोडा. उद्या कुणी म्हणेल, थेंबाचा वास. मला आता काही सोडायचं नाही. काय काढायचं ते काढू दे त्यांना.”

काढलं. जगले ते. तुमच्या बाबांची मुंज पाहिली, मॅट्रिक पाहिली. रक्त पुन्हा पडलं नाही. पिशवी मात्र गळायची; तेव्हाच्या पिशव्या काही आत्तासारख्या नव्हत्या, डिंकासारखं काहीतरी लावून चिकटवायच्या, कातडी सोलवटून निघायची. ते रात्री उजव्या कुशीवर वळत नसत. तुमच्या डॉक्टरांना हे सगळं सांगा. दुधाने झालं का असं विचारलं तर सांगा, आमच्या घरात ते कधी कळलं नाही, आणि त्या इस्पितळातल्या अभ्यासाचं पुढे काय झालं ते मी विचारायला गेले नाही.

आणखी एक सांगायचं आहे, ते डॉक्टरांना सांगायचं नाही.

घरची पूजा आजोबा करायचे. इस्पितळातून आल्यावर ते देवघरात गेले नाहीत. कुणी जाऊ नका म्हटलं नव्हतं. पोटावर सतत ती पिशवी असलेला माणूस सोवळ्यात कसा येणार, हे त्यांनी आपल्या आपणच ठरवलं. ते उंबऱ्याबाहेर पाटावर बसायचे आणि मंत्र म्हणायचे. आत अक्का त्या मंत्रांबरोबर देवांवर पाणी घालायच्या, गंध लावायच्या, फूल वाहायच्या. बायकांनी मंत्र म्हणायचे नसत, म्हणून त्या गप्प असायच्या. आवाज आजोबांचा, हात अक्कांचे.

एकदा सकाळी मी शाळेला निघताना ऐकलं. मंत्र मधेच थांबले होते. अक्का आतून लेकाला म्हणाल्या, “अण्णा, आत ये.”

“असू दे, अक्का.”

“मी म्हणते ना. ये.”

“तुला मग सगळं धुवावं लागेल.”

मी दारात चपला हातात घेऊन उभी होते. मला वाटलं, त्या म्हणतील, नाही धुणार. मी वाट पाहिली. अक्का काही म्हणाल्या नाहीत. थोड्या वेळाने आजोबांनी घसा साफ केला आणि जिथे थांबले होते तिथून पुढे म्हणायला सुरुवात केली, आणि आतून ताम्हनात पाणी पडल्याचा आवाज आला.