खुर्चीवरचा पखवाज

उत्तम शिगवण यांचे दोन्ही गुडघे झिजले आहेत, हे भाईंदर पश्चिमेतील त्यांच्या सोसायटीत सर्वांना ठाऊक होते. त्यांना नेमके काय हवे आहे, हे मात्र कोणी विचारले नव्हते. स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात त्यांनी उभ्याने पॉलिशचे काम करत आयुष्य घालवले. परंतु शनिवारी रत्नागिरीकडच्या मंडळींच्या भजनात ते मांडी घालून बसत आणि पखवाज समोर आडवा घेत. कारखान्यात त्यांच्या जागी दुसरा कोणीही चालला असता. भजनात मुख्य गायक जानूबुवांच्या उजव्या हाताची जागा त्यांची होती.

ती मांडी परत मिळावी, एवढ्यासाठी ते फिजिओथेरपीला जाऊ लागले. तिथल्या निशिगंधा मॅडमनी शिकवलेले सारे त्यांनी निष्ठेने केले. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायची, पाय ताठ ठेवून उचलायचा, शेक घ्यायचा. शिवाय वजन उतरवण्यासाठी भात कमी, जे त्यांना सर्वांत जड गेले. काही महिन्यांत ते कठडा न धरता जिना उतरू लागले, बाजारातून चालत घरी येऊ लागले. मॅडम खूश होत्या, पत्नी गिरिजाबाई खूश होत्या. उत्तमरावांची चिडचिड मात्र वाढत गेली.

"मॅडम, मांडी कधी येणार?"

"काका, चालताय किती छान! मांडी आता विसरायची."

"जिथे जायचं तिथे बसता येत नाय, तर चालून करू काय?"

निशिगंधांनी मग सरळ सांगितले, की व्यायामाने स्नायू बळकट होतात, दुखणे कमी होते. झिजलेली कूर्चा, म्हणजे हाडांमधली गादी, परत येत नाही. पुढेमागे सांधा बदलला तरी मांडीचा भरवसा देता येणार नाही. हे पहिल्याच दिवशी सांगायला हवे होते. पण पहिल्या दिवशी 'कुठे दुखते' एवढेच विचारले जाते. कशासाठी बरे व्हायचे आहे, या प्रश्नाला उपचारांच्या व्यवस्थेत जागा नसते.

भजनी मंडळाने बसून वाजवायला खुर्ची देऊ केली. कोणी विरोध केला असता तर भांडता तरी आले असते. येथे सगळेच राजी होते. अडले ते उत्तमरावांचेच.

"देव खाली चौरंगावर, आणि मी त्याच्या वर पाय सोडून बसू?"

"देवाला तुमचे गुडघे कळत नसतील, तर पुजताय कशाला त्याला?" गिरिजाबाई म्हणाल्या.

"तू गप बस."

"बसतेय की. मला येतंय बसायला."

ते भजनाला जाईनासे झाले. पखवाज मंडळातला तरुण सूरज वाजवू लागला, आणि तो वाईट वाजवत नव्हता. जागा फार काळ मोकळी राहणार नाही, हे उत्तमरावांना दिसत होते. अखेर जानूबुवाच घरी आले.

"तुला देवाच्या वर बसायचं नाय ना? मग देवालाच वर घेऊ."

शनिवारी हॉलमध्ये सोसायटीच्या मीटिंगच्या टेबलावर चौरंग चढला.

"देव आता चेअरमन झाला!" सूरज म्हणाला, आणि हशा पिकला. उत्तमराव हसले नाहीत. जमिनीवर बसलेल्या म्हाताऱ्यांना मूर्ती पाहण्यासाठी माना उंचवाव्या लागत होत्या, आणि त्या ताणलेल्या मानांना आपण जबाबदार आहोत, हे त्यांना सोसवत नव्हते. पखवाज स्टुलावर होता. खुर्ची बुवांच्या जरा मागे लागली होती, आणि वरून त्यांचा ताल देणारा हात दिसेना. पहिल्याच अभंगात सम चुकली. पुन्हा चुकली.

बुवा थांबले. "काय रे?"

"तुमचा हात दिसत नाय वरून."

"मग ऐक! इतकी वर्षं काय बघून वाजवलंस?"

सगळ्यांसमोर बसलेला हा फटकारा उत्तमरावांनी पखवाजावर उतरवला. रागारागाने वाजवताना त्यांनी बुवांकडे पाहिलेच नाही, आणि ताल जागेवर आला. भक्तिभाव त्यात किती होता, कोण जाणे. आरतीला ते कोणाचा हात न धरता उठले. मॅडमच्या व्यायामाची ती कमाई होती, पण ती मोजण्याच्या मनःस्थितीत ते नव्हते.

"काका, पुढच्या वेळी टेबल आधीच लावून ठेवू?" सूरजने विचारले.

"लाव," ते तुटकपणे म्हणाले. "आणि खुर्ची जरा पुढे घे. बुवांचं टक्कल बघून ताल येत नाय."